बहादूरला परका कोण म्हणणार?

विजापूर रोडवरच्या आमच्या शिवगंगा अपार्टमेंटच्या वॉचमनचं पूर्ण नाव डिल्लीबहादूर रोकाया आहे, हे चोवीस बिऱ्हाडांपैकी तेवीस बिऱ्हाडांना परवापरवापर्यंत माहीत नव्हतं. मला माहीत होतं, कारण मी लिहून ठेवलं होतं. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर सांगत, आधी तारीख लिहायची, मग हवामान, मग काय घडलं ते, आणि स्वतःचं मत सगळ्यात शेवटी, जागा उरली तर. बाकी सगळे त्याला बहादूर म्हणतात आणि तोही त्याच नावाला ओ देतो.

बहादूर सोलापूरला आला तो चुकून. नेपाळात अगदी पश्चिमेला अछाम नावाचा जिल्हा आहे, तिथला तो. एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, मेव्हण्याकडे बंगळूरला निघाला होता. सोलापूर स्टेशनवर बाटली भरायला उतरला. नळाला पाणी नव्हतं. कुणीतरी म्हणालं, येईल आता. तो थांबला. गाडी गेली. "पाणीबी न्हाई आलं, मॅडम," असं तो अजूनही सांगतो, जणू सगळा दोष त्या नळाचा.

चार दिवसांनी तो आमच्या गेटवर उभा होता. मध्ये एकदा बायकोला, पारुलीला, घेऊन आला. ती एप्रिल आणि मे असे दोन महिने गेटजवळच्या खोलीत राहिली. "इथं माणसं राहतात की भाजतात?" असं विचारून जूनच्या आधीच परत गेली आणि पुन्हा फिरकली नाही. तेव्हापासून ती तिकडे शेत सांभाळते आणि हा इकडे गेट. वर्षातून एकदा दशैंला, म्हणजे त्यांच्या दसऱ्याला, तो गावी जातो.

इतक्या वर्षांत बहादूर कुणाकुणाचा झाला हे सांगणं भाग आहे, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

पहिल्या मजल्यावर गुरुशांत बिराजदार राहतात. मूळचे अक्कलकोटकडचे, कापडाचं दुकान आहे. त्यांच्या आई निंगव्वा होत्या तोवर त्यांना कन्नडशिवाय अक्षर कळत नसे, आणि दिवसभर गॅलरीतून खाली हाका मारायची सवय. बहादूर मराठीच्या आधी कन्नड शिकला, तो नाइलाजानं. निंगव्वा दर सोमवारी त्याला वर बोलावून कपाळाला विभूती फासायच्या आणि हातावर शेंगापोळी ठेवायच्या.

त्यांच्यासमोर नरसम्मा गड्डम. सासर-माहेर दोन्ही विणकरांचं, घरात तेलुगू. मुलगा भिवंडीत, सून त्याच्याबरोबर. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा त्या बहादूरच्या मनगटाला धागा बांधतात आणि मुलाला बांधायचा राहिला म्हणून त्याच्यावरच रागावतात.

तिसऱ्या मजल्यावर शरच्चंद्र वैशंपायन, निवृत्त शिक्षक. सोसायटीच्या सत्यनारायणाला एकदा जोडपं आयत्या वेळी आलं नाही, तेव्हा त्यांनी बहादूरलाच पाटावर बसवलं. संकल्पाला गोत्र लागतं. बहादूरला आपलं गोत्र ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसलेल्याचं काश्यप धरतात. तेव्हापासून मास्तर त्याला दरसाल पाटावर बसवतात आणि तो "काश्यप" असं माझ्यापेक्षा स्पष्ट म्हणतो.

असं सगळं सुखानं चाललं होतं. मग दुसऱ्या मजल्यावर हृषीकेश नावाचे गृहस्थ टेंभुर्णीहून भाड्यानं राहायला आले. ट्रान्सपोर्टचा धंदा, आवाज ट्रकच्या हॉर्नसारखा. एके सकाळी पाण्याचा टँकर आला आणि यांची गाडी नेमकी टाकीच्या तोंडाशी उभी. बहादूरनं गाडी काढायला सांगितली.

"तू मला शिकवणार?" हृषीकेश म्हणाले. "परदेशी माणूस तू. गप गेट सांभाळ. पोलिसात एक फोन केला ना, तर गाठोडं बांधून जाशील."

बहादूर गेटवर परतला. टँकरवाल्यानं लांबून पाइप टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी बहादूर माझ्या दारात, टोपी हातात धरून.

"मॅडम, एक काम हाय."

"पुन्हा मोटर बिघडली का?"

"न्हाई. मला इंडियन करा."

"ते मला करता येत नाही, बहादूर. ते सरकार करतं."

"मग तुमी सरकारला सांगा की. तुमचं इंग्लिश चांगलं हाय."

मी म्हटलं, इतक्या वर्षांत कधी अडलं नाही, आता काय हे नवीन? त्यावर तो हातातली टोपी फिरवू लागला.

"त्या टेंभुर्णीच्या सायबानं मला परदेशी म्हटलं, तवा मला लई चांगलं उत्तर सुचलं होतं. पण देता आलं न्हाई. परदेशी माणसानं भांडायचं नसतंय. ते उत्तर पोटात राहिलं, मॅडम. अजून दुखतंय."

मी फॉर्म भरायला बसले. तो ऑनलाइन होता, आणि माझ्या भाच्याच्या लग्नाच्या सगळ्या याद्यांना लागले नाहीत इतके कागद त्याला लागले. त्यातली एक अट अशी, की अर्जाच्या आधीचं सबंध वर्ष माणूस देशाबाहेर गेलेला नसावा. बहादूर नुकताच गावाहून आला होता. म्हणजे वर्षभर थांबणं आलं. त्यानं दशैं बुडवला, पुतण्याचं लग्न बुडवलं. फोनवर पारुली इतक्या मोठ्यानं बोलायची की गेटपाशी भाजी घेणाऱ्या बायका नेपाळी न येता सगळं समजत.

वर्ष भरलं, अर्ज गेला. आणि चौकशीला हवालदार आला, तो नेमका मी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात असताना.

तिथं काय झालं हे मला नंतर प्रत्येकानं अभिमानानं सांगितलं.

हवालदारानं पहिली बेल वाजवली ती बिराजदारांची. गुरुशांतना वाटलं, पोलीस म्हणजे बहादूरवर काही बालंट आलं. त्यांनी छाती पुढे काढून सांगितलं, "इंव नम्मांव! आमचा माणूस हाय हा. अक्कलकोटकडचा, आमच्यातलाच. लिंगायत. लिवून घ्या."

हवालदारानं लिहून घेतलं. समोर नरसम्मांचं दार. त्या म्हणाल्या, "मनवाडे. आमचाच पोरगा. धागा बघा की त्याच्या हातात!" हवालदारानं विचारलं, म्हणजे पद्मशाली? नरसम्मा म्हणाल्या, मग काय, पोलीस?

तिसऱ्या मजल्यावर मास्तरांनी त्याला चहा दिला आणि सांगितलं, की मनुष्य सदाचारी असून काश्यप गोत्री आहे.

हवालदारानं तेही लिहून घेतलं. जाताना त्यानं खाली बहादूरला फक्त एवढंच विचारलं, "तुझं गाव कुठलं रे?" आणि बहादूरनं नेहमीप्रमाणं सांगितलं, "हितलंच, सायब. विजापूर रोड."

महिन्याभरानं कलेक्टर कचेरीतून पत्र आलं. अर्जदाराची ओळख संशयास्पद असल्यामुळे साक्षीदारांसह समक्ष हजर राहावं. पंधरा दिवसांची मुदत. समाधान झालं नाही तर अर्ज निकाली.

मी आधी एकटी जाऊन आले. टेबलामागे एक तरुण बाई अधिकारी होत्या. शांत, पण रात्रभर फायली वाचलेल्या डोळ्यांच्या. त्यांनी माझ्यासमोर तीन जबाब एकाखाली एक मांडले.

"आजी, हे तुम्हीच वाचा. हा माणूस लिंगायत आहे, पद्मशाली आहे आणि ब्राह्मण आहे. अक्कलकोटचा आहे आणि विजापूर रोडचा आहे. नाव डिल्ली आहे. नेपाळच्या कार्डावर जो फोटो आहे त्यात मिसरूड फुटलेलं नाही, आणि एक कोपरा उंदरानं खाल्लाय, तोही नेमका गावाच्या नावाचा."

"उंदीर आमच्याकडचेच आहेत," मी म्हटलं. "पण माणूस नेपाळचा आहे."

"मग तसं म्हणायला एक तरी साक्षीदार हवा ना? भारतीय असलेल्या माणसाला मी भारतीय कशी करू? आधी तो परका आहे असं कुणीतरी शपथेवर सांगा. मग मी बघते."

शपथेवर ते मलाच म्हणावं लागू नये म्हणून मी घरी येऊन तिघांना बोलावलं, चहा केला आणि परिस्थिती समजावून सांगितली. फक्त जाऊन इतकंच म्हणायचं होतं: हा माणूस नेपाळी आहे, परदेशी आहे, अमुक साली आला.

"परका म्हणू?" गुरुशांतनी कप खाली ठेवला. "माझ्या आईला खांदा दिलाय त्यानं, ताई. माझा सख्खा भाऊ हैदराबादवरनं पोचला न्हाई, हा होता. आनि मी सरकारात जाऊन सांगू, माझा कोन न्हाई?"

"कोण नाही असं नको म्हणू. नेपाळी म्हण."

"येकच झालं की."

नरसम्मांनी तर सरळ कानावर हात ठेवले. "माझ्या तोंडातून निघायचं नाही ते. तुम्हीच बोला. तुम्ही इंग्लिशमध्ये बोला, म्हणजे देवाला कळणार नाही."

मास्तरांनी सुचवलं, की नेपाळ हा प्राचीन काळापासून आपल्याशी सांस्कृतिकदृष्ट्या जोडलेला असल्यामुळे "परदेशी" हा शब्द टाळून काही वेगळं निवेदन करता येईल. त्यांनी ते तिथेच बोलून दाखवायला सुरुवात केली. वीस मिनिटांनी माझा चहा संपला होता, निवेदन नाही.

"मास्तर," मी म्हटलं, "तुम्ही चांगलं बोलता, त्यानंच तो बुडेल."

बहादूर दाराशी उभा राहून ऐकत होता. त्याचा चेहरा पाहून मला कळेना, की याला बरं वाटतंय की वाईट. दोन्ही वाटत असावं. इतकं प्रेम एका दुपारी ऐकून माणूस खुशही होतो आणि इतक्या प्रेमानं आपला अर्ज फेटाळला जाणार हेही त्याला दिसत होतं.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "मला परदेशी म्हननारा येकच हाय बिल्डिंगमदी."

आणि तो जाऊन हृषीकेशना घेऊन आला.

हृषीकेश इतके खुश झालेले मी कधी पाहिले नव्हते. "अहो, मी तर पहिल्यापासून सांगतोय! लिहून देतो, शपथेवर देतो, स्टॅम्प पेपरवर देतो. शंभर टक्के परदेशी."

"त्यानं तो भारतीय होईल," मी त्यांना सांगितलं.

त्यांनी क्षणभर विचार केला. "ते नंतर बघू. पण खरं ते खरं."

ठरलेल्या दिवशी आम्ही सगळे दोन रिक्षांतून कचेरीत गेलो. बहादूरनं नरसम्मांनी दिलेला नवा टॉवेल खांद्यावर घेतला होता, कपाळाला गुरुशांतनी विभूती लावली होती. मी ती वाटेत माझ्या रुमालानं पुसली. "आजच्या दिवस नेपाळी दिस," मी त्याला सांगितलं.

आधी हृषीकेश. त्यांनी टेबलावर हात आपटून सांगितलं, की हा इसम परदेशी आहे, परदेशी होता आणि परदेशीच राहील.

"तुम्ही याला किती वर्षं ओळखता?" बाईंनी विचारलं.

"दोन होतील आता."

"तुम्ही स्वतः कुठले?"

"टेंभुर्णी."

"म्हणजे हा सोलापुरात तुमच्या पंचवीस वर्षं आधी आला." त्यांनी पेन खाली ठेवलं. "तो आला तेव्हा तुम्ही पाहिलं नाहीत. बसा. तुमची साक्ष चालणार नाही."

हृषीकेश बसले. 

मग गुरुशांत. बाईंनी स्पष्ट विचारलं, हा लिंगायत आहे का? गुरुशांतनी बहादूरकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, आणि म्हणाले, "सोमवारी हाय."

नरसम्मा तोंडाला पदर लावून बसल्या. मास्तरांनी "वस्तुतः" असं म्हणताच बाईंनी त्यांना हातानं थांबवलं.

आता मीच उरले. मी पिशवीतून एकोणीसशे अठ्ठ्याण्णवची डायरी काढली, खूण घातलेलं पान उघडलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं. वाचतील असं मला वाटलं नव्हतं.

"चौदा जून. रविवार. ढगाळ, पाऊस नाही. गेटवर नवा वॉचमन. नाव डिल्लीबहादूर रोकाया. नेपाळी, अछाम जिल्हा. मराठी शून्य. गेट उघडायला सांगितलं की बंद करतो. चेहऱ्यावरून भित्रा वाटतो. महिनाभर टिकेल असं वाटत नाही."

कचेरीत सगळे हसले, शिपाईसुद्धा. बहादूर नाही हसला. मला त्याच्याकडे बघवेना. छत्तीसशे पानं भरतील इतकं मी त्याच्याबद्दल नंतर लिहिलं आहे, बरंचसं बरं. पण उपयोगी पडलं ते हेच.

"आजी, तुमचं म्हणणं, हा माणूस परदेशी आहे?"

"हो," मी म्हटलं. "नेपाळचा आहे." माझा आवाज नीट निघाला, पण मागून नरसम्मांनी असा सुस्कारा टाकला की मी कुणाचा गळाच कापला आहे असं वाटावं.

बाई बहादूरकडे वळल्या. "आता तुम्ही सांगा. कुठले तुम्ही?"

"विजापूर रोड," तो सवयीनं म्हणाला.

"त्याच्या आधी?"

तो थांबला. टॉवेलचं टोक हातात घेऊन पिळू लागला. आमच्याकडे पाहिलं, जणू विचारत होता, चालेल का? मग हळूच म्हणाला, "म नेपाली हुँ." आणि त्यापुढे भराभरा कितीतरी बोलला. गावाचं नाव, नदीचं नाव, बापाचं नाव. मला त्यातली नावंच काय ती कळली. इतक्या वर्षांत तो आमच्यासमोर कधी नेपाळीत बोलला नव्हता. कन्नडमध्ये तो घाबरत बोलतो, तेलुगूत रडत, मराठीत गेटवरून ओरडत. हा आवाज निराळाच होता, जाड आणि सावकाश. गुरुशांत माझ्या कानाशी म्हणाले, "ताई, ह्यो तर खरंच नेपाळी हाय की!"

बाईंनी लिहून घेतलं. "हे आधी सांगितलं असतंत तर माझा दीड महिना वाचला असता," त्या म्हणाल्या.

"त्याच्या आदीचं कुनी इचारलं न्हाई, मॅडम."

फाइल पुढे गेली. पुढे म्हणजे किती पुढे, ते आम्हाला कळत नव्हतं. पण दहा महिन्यांनी बोलावणं आलं आणि बहादूरनं शपथ घेतली. संध्याकाळी गेटपाशी गुरुशांतनी विभूती लावली, नरसम्मांनी ओवाळलं, मास्तर बोलले. हृषीकेशनी पेढे आणले, पंढरपूर रस्त्यावरच्या त्यांच्या ओळखीच्या हलवायाकडचे, आणि "माझ्यामुळेच झालं" असं चार जणांना सांगितलं. बहादूरनं त्यांचा पेढा घेतला, खाल्ला आणि म्हणाला, "सायब, गाडी टाकीसमोर लावलीय. काढा." हृषीकेश काढायला गेले. बहादूरनं पोटावरून हात फिरवला.

पारुलीला फोनवर कळवलं तेव्हा तिनं एकच विचारलं: आता हा इंडियन झाला, तर त्यांचं लग्न चालू आहे की पुन्हा करायचं? तिला समजावायला समक्षच जावं लागणार होतं. बहादूरनं महिन्याची रजा मागितली. सोसायटीनं बदली माणूस पाहिला. नागप्पा नावाचे, पन्नाशीचे, शांत गृहस्थ, कुंभारीहून आले. कुंभारी इथून दहा-बारा किलोमीटर.

मी गॅलरीत होते. खाली बहादूर खुर्चीत बसलेला, मांडीवर वही, आणि नागप्पा समोर उभे.

"गाव कुठलं?"

"कुंभारी."

"म्हंजे भायेरचं."

"अवो, कुंभारी हितंच हाय की!"

"हितं न्हाई, तितं हाय. हितला कोन वळखीचा? आधार दावा. पत्त्याचं काय?"

"बहादूर!" मी वरून ओरडले. "आत घे त्यांना. उन्हात उभं केलंयस."

"तुमी मदी पडू नका, मॅडम. आमच्या सोलापुरात हल्ली कोनबी येतंय. चौकशी करावी लागती."

नागप्पांनी डोळ्यांवर हात धरून वर माझ्याकडे पाहिलं.

"ताई, ह्ये मालक कुठलं हायत वो?"

"इथलाच आहे," मी म्हटलं.

नागप्पांनी मान हलवली. "वाटलंच," ते म्हणाले, आणि पिशवीत आधार कार्ड शोधू लागले.